अंगणात चालू ठेवलेलं इंजिन

माझी बायको गाडी चालवायची आणि मी तिच्या शेजारी बसायचो. कळंबमध्ये लोकांना सुरुवातीला याची गंमत वाटली, पुढे कुणाला काही वाटेनासं झालं. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला मी चालत जात असे, आता निवृत्तीनंतर वाचनालयात चालत जातो. गाडी शिकण्याची गरज मला कधी भासली नाही. तिला मात्र गाडीवाचून इलाज नव्हता. राळेगावच्या बाजूला, मोठा रस्ता सोडून आत असलेल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर ती शिकवत होती. एसटी फाट्यावर सोडते, तिथून पुढे कपाशीच्या शेतांमधून पायी जावं लागतं. म्हणून तिने एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. घेतली तेव्हाच ती व्हॅन दुसऱ्यांनी बरीच वापरलेली होती.

या प्रकारच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असतं. थोडं अंतर गेलं की सीट ऊबदार होते. थंडीत ते बरं वाटतं, उन्हाळ्यात नकोसं होतं. उन्हाळ्यात ती सतरंजीची घडी घालून त्यावर बसायची.

सकाळी निघण्याआधी ती गाडी सुरू करून अंगणात तशीच ठेवायची आणि घरात येऊन डबा, चष्मा, तपासलेल्या वह्या गोळा करायची. तेवढ्यात इंजिनाचा आवाज मागच्या गल्लीत पोचायचा. तिथे तिच्याच शाळेवरच्या एक तरुण मॅडम राहतात. हॉर्न वाजवायची वेळ कधी आली नाही. आवाज आला की मॅडम चपला घालायच्या आणि गाडी कोपऱ्यावर जाईपर्यंत येऊन उभ्या राहायच्या.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आजार कळला आणि फार वेळ मिळाला नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, मुलगी पुण्याला परतली. निघताना तिने सांगितलं, "बाबा, व्हॅन नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल. अधूनमधून चालू करत जा."

गाडी चालवता येत नसली तरी मला ती चालू करता येत होती. थंडीत बायको डबा भरत असायची तेव्हा आतूनच सांगायची, "जरा सुरू करून ठेवा ना." थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा चोक ओढायचा, किल्ली फिरवायची आणि आवाज सरळ झाला की चोक आत ढकलायचा, एवढं मी शिकलो होतो.

अधूनमधूनचं रोज कधी झालं ते मला कळलं नाही. शाळेला निघण्याच्या वेळी मी अंगणात जाऊन गाडी सुरू करायचो आणि आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो. चोक मी पूर्ण आत ढकलत नसे. अर्ध्या चोकवर आवाज जरा भरीव येतो, ती निघायच्या बेतात असताना यायचा तसा. पुस्तकाचं पान उलटायचं नाही. इंजिन चालू आहे म्हणजे ती अजून निघालेली नाही, चष्मा शोधते आहे, एवढंच त्या वेळात मनात असायचं. मग उठून मी गाडी बंद करायचो आणि दिवस सुरू व्हायचा.

शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांनी मॅडम घरी आल्या. तिच्या फोटोसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "सर, ताईंनी मला गाडी शिकवली होती. शनिवारी शाळा सुटली की ग्राउंडवर. लायसन्सही आलं माझं. तुमची हरकत नसेल तर मी नेत जाईन व्हॅन. पेट्रोल, देखभाल सगळं माझ्याकडे."

"बघू," मी म्हणालो.

त्यांच्या घरी सासू आहेत आणि नुकतीच बालवाडीत जाऊ लागलेली मुलगी. नवरा पांढरकवड्याला हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर कामाला आहे, आठवड्याने घरी येतो. एसटीने जायचं तर मॅडमना मुलगी उठायच्या आत निघावं लागे, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर मुलगी झोपल्यावर घरी पोचावं लागे. हे सगळं मला माहीत होतं. ती असताना रोज संध्याकाळी याच गोष्टी घरात बोलल्या जायच्या. तरी मी बघू म्हणालो आणि नंतर काहीच बघितलं नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. तिची जागा अशी लगेच कुणी घ्यावी हे मला सहन झालं नसतं, असं मी स्वतःला सांगत होतो. सांगायला ते बरं वाटायचं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी असाच आत बसलो होतो. आवाज हळूहळू जड होत गेला. चढावर गाडी ओढताना येतो तसा. मला वाटलं, थंडीमुळे असेल. मग एक खडखड झाली आणि इंजिन बंद पडलं. बाहेर आलो तर पुढच्या सीटच्या फटीतून वाफ येत होती आणि अंगणभर जळक्या रबराचा वास होता.

यवतमाळ रोडवरच्या गॅरेजवाल्याने ट्रॅक्टरला बांधून व्हॅन ओढत नेली. हा माणूस माझा जुना विद्यार्थी. मराठीत कसाबसा पास झाला होता आणि ते तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतो. त्याने तिची सीट उचलून मागे फेकली, आत वाकला आणि ऑइलची काडी काढून नाकाशी धरली.

"सर, हे ऑइल आहे का पेट्रोल? पुरं पातळ झालं ना. कुठं कुठं फिरवली गाडी?"

"कुठेच नाही."

"मंग? कोणी चालवत असन ना."

"कुणी नाही. मी रोज सुरू करून ठेवत होतो. अंगणात."

तो सरळ उभा राहिला. "रोज? किती वेळ?"

मी हाताने थोडा वेळ अशी खूण केली. ती खूण खोटी होती.

"अन् चोक?"

"अर्धा."

त्याला हसू आवरलं नाही. "सर, तुम्ही तं गाडीले रोज पंगतीत बसवून राह्यले अन् जाग्यावरून हलू नाही देत. काय होईन तिचं? जादा पेट्रोल खाली ऑइलमंधी उतरलं. पाण्याचा पाइप फुटला, पंखा बंद, पाहाले कोणी नाही. गॅस्केट तं गेलंच. बोअर खराब झाले असन." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो थांबला आणि पोऱ्या नसल्यामुळे स्वतःच चहा सांगायला गेला.

चहा पिताना त्याने तीन रस्ते सांगितले. पहिला, वरवरची दुरुस्ती. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवायचं, घासून सपाट करायचं, नवं गॅस्केट आणि पाइप टाकायचा, ऑइल बदलायचं. गाडी सुरू होईल, गावातल्या गावात फिरेल, पण लांब नेली तर पुन्हा गरम होऊन थांबेल. दुसरा, पूर्ण इंजिन खाली उतरवून खोलायचं, यवतमाळला सिलिंडर आतून घासून, म्हणजे बोअर करून आणायचं, पिस्टन, रिंगा, बेरिंगा नव्या घालून इंजिन पुन्हा बांधायचं. त्याला वेळ लागेल. तिसरा रस्ता त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेला होता. हायवेवर ठोकल्या गेलेल्या एका व्हॅनचं इंजिन.

"मी म्हणतो हेच टाका. परवा गाडी घेऊन जा. कागदावर नंबर बदलून घेऊ."

"कुणाचं आहे कोण जाणे."

"इंजिनाले काही मागचा मालक आठवत नसते सर. कायले घाबरता?"

मी विचारलं, "आवाज?"

"कशाचा आवाज?"

"पहिल्यासारखा कशात येईल?"

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. गिऱ्हाईक अॅव्हरेज विचारतं, ओढ विचारतं, हे कुणी विचारलं नसावं. "पहिल्यासारखा म्हणाल तं वरच्या दुरुस्तीतच. बाकी दोन्हीत बदलते. नवं बांधलं तं गुपचूप चालते, शिलाई मशीनवानी."

"मग वरची दुरुस्तीच करा," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला. "तुम्हाला चालवता येत नाही, बाबा. विकून टाका ना. उगाच कशाला अंगणात?" मी म्हटलं, थोडंसं काम आहे, करून घेतो. खर्च कमीतकमी होतोय असंही म्हटलं. मला स्वतःलाही ते शहाणपणाचं वाटू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंदिराकडच्या रस्त्यावर मॅडम भेटल्या. खांद्यावर पर्स, हातात डब्याची पिशवी, एसटीतून नुकत्याच उतरलेल्या. चेहरा थकलेला, पण मला पाहून त्या हसल्या.

"सर, व्हॅन कामाला टाकली म्हणे! बरं झालं. मी तर शाळेच्या गावात खोली पाहून ठेवली होती. पोरीला आजीजवळ ठेवायचं अन् आपण आठवडाभर तिकडेच राहायचं, असं चाललं होतं. आज खोलीवालीला सांगून आले, आठ दिवस थांब म्हणून."

बोलायची हीच वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. ती गाडी तुमच्यासाठी नाही, मॅडम, असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी दुसरी काही सोय पाहिली असती. मी नुसतं "हो का" म्हणालो. वर "मुलगी बरी आहे ना?" असं विचारलं.

"बरी आहे. आजीलाच आई म्हणून राह्यली आता," त्या हसत म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

गाडी घरी आली. सकाळी नेहमीच्या वेळी मी चोक ओढला, किल्ली फिरवली. आवाज आला. तोच. जरा खरखर होती, पण तोच. मी आत जाऊन बसलो. पुस्तक उघडलं. कितीतरी दिवसांनी घर जागच्या जागी आलं असं वाटलं.

फाटकाची कडी वाजली. मॅडम होत्या. इस्त्रीची साडी, केस नीट बांधलेले, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पर्स. धावत आल्यामुळे त्यांना दम लागला होता.

"सर, निरोप तरी द्यायचा! एसटीला निघालेच होते. आवाज ऐकला अन् वळले. किल्ली लावलेलीच आहे का?"

मी पायरीवर उभा राहिलो. "मॅडम, ही गावाबाहेर जाणार नाही."

"म्हणजे? दुरुस्त झाली ना?"

"सुरू होण्यापुरती झाली."

त्यांना कळेना. त्यांनी एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "मग सुरू करून करता काय?"

"ऐकतो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

आमच्या मधे इंजिन चालूच होतं, त्यामुळे त्यांना जरा मोठ्याने बोलावं लागलं. "मीही ऐकते, सर. ताई गेल्यापासून रोज ऐकते, स्टँडच्या वाटेवर. ज्या दिवशी एसटीला उशीर असला त्या दिवशी घरातूनच ऐकू येते. पहिल्यांदा तर मी चपला घालून कोपऱ्यावर येऊन उभी राह्यली होती. शेजारीण म्हणे, काहून उभी आहे वं? काय सांगू तिला?" त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "तुम्हाला वाटलं, तुमच्याच घरात ऐकू येते?"

मला तसंच वाटलं होतं. मागची गल्ली माझ्या ध्यानातच नव्हती. तो आवाज जिच्यासाठी काढला जायचा ती बाई तो रोज ऐकत होती आणि मी आत पुस्तक उघडून, तो माझा म्हणून वापरत होतो.

मी जाऊन किल्ली फिरवली. एकदम शांत झालं.

"एसटी गेली असेल आता," त्या म्हणाल्या आणि तरीही स्टँडच्या दिशेने भराभर चालत गेल्या.

मी दुपारी गॅरेजवर गेलो. तो कुणाच्या तरी ऑटोखाली आडवा होता. खालूनच म्हणाला, "काय झालं सर? आवाज पसंत नाही आला?"

"पूर्ण खोलायचं आहे."

तो सरपटत बाहेर आला. "कालच तं जोडलं! काल गॅस्केट, आज फुल काम. उद्या काय, रॉकेट बनवता?" मग गंभीर होऊन म्हणाला, "माह्या कोपऱ्यातलं टाका ना. काम लवकर होईन."

मी जरा थांबायला सांगितलं. हा निर्णय मी दोनदा एकट्याने घेतला होता, एकदा बघू म्हणून आणि एकदा आवाजासाठी, आणि दोन्हीदा चुकलो होतो. संध्याकाळी मी मॅडमच्या घरी गेलो. मागच्या गल्लीत मी त्याआधी किती दिवसांत पाऊल टाकलं नव्हतं ते आठवेना. सासूबाईंनी खुर्ची पुसून दिली. मॅडम नुकत्याच आल्या होत्या, तोंड धूत होत्या. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो. प्रत्यक्षात कोपऱ्यातलं इंजिन आणि बांधलेलं इंजिन यांतला फरक समजावत बसलो. मी चाळीस मिनिटांचा तास घेतल्यासारखा बोललो असणार, कारण सासूबाई मधेच म्हणाल्या, "सर, चहा निवून राह्यला."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "ठोकलेल्या गाडीचं नको, सर. कसं चाललेलं, किती चाललेलं, काही माहीत नाही. संध्याकाळी त्या आतल्या रस्त्यावर मी एकटी असते. अर्ध्या वाटेत थांबणारी गाडी मला चालायची नाही. वेळ लागू द्या, पण बांधून घ्या."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत खोली," त्या म्हणाल्या. "उद्यापासून जाते. आज एसटी चुकल्यावर शाळेत पोचले तर प्रार्थना केव्हाच होऊन गेली होती. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं."

सासूबाईंच्या मांडीवर मुलगी बसली होती. आईचं बोलणं तिला कळलं की नाही ठाऊक नाही. ती माझ्या चष्म्याकडे टक लावून पाहत होती.

इंजिन खाली उतरलं. बोअरवाल्याकडे लग्नसराईमुळे गाड्यांची रांग, मग पिस्टन चुकीच्या मापाचे आले, ते परत गेले. मी रोज गॅरेजवर जाऊन बसायचो. गॅरेजवाला म्हणायचा, "सर, तुम्ही इथं बसल्यानं रिंगा लवकर येत नाई," आणि वाचायला काल-परवाचा पेपर आणून द्यायचा. ज्या वेळी मी आत बसून ऐकत असे, ती वेळ आता पोकळ असायची. त्यात मला मॅडम गावातल्या त्या खोलीत स्टोव्ह पेटवताना दिसायच्या. त्या शनिवारी दुपारी यायच्या आणि सोमवारी अंधारात निघायच्या. मी जून महिन्यात हो म्हटलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. तेव्हा इंजिन ठणठणीत होतं.

शेवटी गाडी तयार झाली. गॅरेजवाल्याने किल्ली देताना मला नाही, मॅडमना बजावलं, "सुरुवातीले हळू चालवा. लोड टाकू नका. अन् एक सांगतो, उभी ठेवून चालू नका ठेवू. सुरू केली की निघा." माझ्याकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

रविवारी आम्ही खोलीतलं सामान आणायला गेलो. मॅडम चालवत होत्या, मी शेजारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचणीवर बायका होत्या, पांढरी गाठोडी बांधावर. बांधलेल्या इंजिनाचा आवाज खरंच निराळा होता. कान देऊनही त्यात ओळखीचं काही सापडेना. मॅडम पुढे वाकून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून चालवत होत्या. फाट्यावरून आत वळताना त्या एवढंच म्हणाल्या, "इथं खड्डा होता. भरला कोणीतरी."

खोलीवाली बाई तोंडाची फटकळ होती. "भाड्याचा महिना अजून सरला नाई अन् चालल्या?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून, "हे कोण? वडील का?"

"आमच्या ताईंचे मिस्टर," मॅडम म्हणाल्या.

"त्या बाईंचे! मंग इतके दिवस हिला पायी कायले हिंडू देल्लं?"

मॅडम गादी गुंडाळायला लागल्या. मी स्टोव्ह उचलला.

लोड नको म्हणून सामान थोडंच घेतलं: गादी, स्टोव्ह, भांड्यांची एक पिशवी. बाकी पुढच्या खेपेला. कळंबला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मॅडमनी गाडी मागच्या गल्लीत, थेट स्वतःच्या दारापर्यंत नेली. सासूबाई मुलीला घेऊन दारात आल्या.

"पाहा, आई आली. आता रोज घरी राहणार," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी हात पुढे केले. मुलीने एकदा आईकडे पाहिलं आणि मान फिरवून आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला तशी तिने खांदा झटकून तो हात दूर सारला.

"रुसली आहे," मॅडम हसून म्हणाल्या. "होईल दोन दिवसांत."

त्यांनी पुन्हा हात पुढे केले नाहीत. पदराने हात पुसले, उगाच पुन्हा पुसले. मी गुंडाळलेली गादी छातीशी धरून दारात उभा होतो. ती कुठे ठेवू हे विचारायला हवं होतं, पण त्या दोघींच्या मधून आत जायची माझी हिंमत झाली नाही.